समाधिमरणाचा इतिहास : एका व्यापाऱ्याच्या दृष्टांताच्या आधारे

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मृत्यूवरील लेख कशासाठी, असा प्रश्न काही बंधु-भगिनींच्या मनात सहज येईल. विश्वस्त मंडळाने माझ्याकडे लेख मागितला तेव्हा आपल्या पेठेतील कापड व्यापाराविषयी लिहावे, अशीच त्यांची अपेक्षा होती. तो विषय मी नम्रपणे बाजूला ठेवला. त्याला कारण आहे. १० ऑगस्ट २०१५ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने सल्लेखना म्हणजे आत्महत्या असा निर्णय दिला आणि २४ ऑगस्टला देशभर आपल्या समाजाने मूक मोर्चे काढले. मोर्चात आपण सर्वजण होतो. परंतु मोर्चाहून परतताना माझ्याबरोबरच्या महाविद्यालयीन मुलांनी विचारलेला प्रश्न साधा होता. अन्नपाणी सोडून मरण पत्करणे आणि जीव देणे यांत नेमका फरक कोणता? उपस्थित वडीलधाऱ्यांपैकी बहुतेकांनी 'ही आपली परंपरा आहे' एवढेच उत्तर दिले. परंपरा आहे हे खरे, पण ते उत्तर नव्हे. आपल्या पूर्वाचार्यांना हा प्रश्न सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच विचारला गेला होता, आणि त्यांनी त्याचे उत्तर युक्तिवादाने दिलेले आहे.

मृत्यूचा विचार जगातील सर्वच तत्त्वज्ञांनी केला. कठोपनिषदातील नचिकेता हा बालक प्रत्यक्ष यमाच्या दारी जाऊन मरणोत्तर काय उरते, हे विचारतो. ग्रीस देशात इसवी सनापूर्वी ३९९ मध्ये सॉक्रेटिसाने विषाचा प्याला घेण्यापूर्वी आपल्या शिष्यांशी आत्म्याच्या अमरत्वाची चर्चा केली. त्याच देशातील एपिक्युरसने उलट बाजू मांडली. आपण असतो तोवर मृत्यू नसतो आणि मृत्यू आला की आपण नसतो, तेव्हा भ्यायचे कोणाला, असा त्याचा सूर. या सर्वांचा प्रश्न 'मृत्यू म्हणजे काय' हा आहे. जैन आचार्यांनी तो प्रश्न तुलनेने लवकर निकालात काढला. आयुकर्म संपले की जीव एक पर्याय सोडून दुसऱ्या पर्यायात जातो, द्रव्य नष्ट होत नाही. त्यांची खरी चिंता पुढची होती. माणूस मरतो तो कोणत्या भावाने मरतो? शिवार्यांच्या 'भगवती आराधना' या प्राकृत ग्रंथात दोन हजारांहून अधिक गाथा आहेत आणि त्या जवळजवळ सर्वच या एका विषयाला वाहिलेल्या आहेत. त्यात मरणाचे १७ प्रकार सांगून त्यांतील पाच मुख्य मानले आहेत. केवलींचे पंडितपंडितमरण सर्वांत वर आणि मिथ्यादृष्टीचे बालबालमरण सर्वांत खाली. येथे बाल म्हणजे वयाने लहान नव्हे, अज्ञानी. शंभर वर्षांचा म्हातारासुद्धा बालमरणाने जाऊ शकतो, हे आपण ध्यानात घेत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रातील सातव्या अध्यायात श्रावकाची व्रते सांगून झाल्यावर मरणसमयीच्या सल्लेखनेचे सूत्र आहे. त्यावर पूज्यपाद आचार्यांनी 'सर्वार्थसिद्धी' या टीकेत स्वतःच शंका उपस्थित केली की, मग हा आत्मवध ठरत नाही काय? त्याचे उत्तर देताना त्यांनी जो दृष्टांत योजला तो वाचून माझ्यासारख्या व्यापाऱ्याला आपल्या पेढीचीच गोष्ट ऐकल्यासारखे वाटते. एक व्यापारी नाना प्रकारच्या मालाची देवघेव करतो आणि तो माल आपल्या घरात साठवतो. घराचा नाश व्हावा असे त्याला कधीही वाटत नाही. घरावर संकट आलेच, तर तो आपल्या शक्तीप्रमाणे ते निवारण्याचा प्रयत्न करतो. पण संकट निवारताच येत नाही असे दिसले, म्हणजे घर सोडून निदान माल तरी वाचावा, यासाठी तो झटतो. शरीर हे घर आणि व्रते व शील हा माल. श्रावकाला शरीराचा नाश नको असतो. रोग आला तर तो औषध घेतो. परंतु शरीर टिकणारच नाही अशी वेळ आली, तर आपले गुण शरीराबरोबर जळू नयेत, याची तो काळजी घेतो. म्हणून हा आत्मवध नव्हे.

या दृष्टांताला माझ्या धंद्यातील अनुभवाची थोडी जोड देतो. कापडाच्या वखारीला आग लागते तेव्हा मालक आधी पाण्याची बादली धरतो, अग्निशामक दलाला बोलावतो आणि मगच ठाणे बाहेर ओढतो. बाजारात कधीकधी दुसऱ्या प्रकारची आगही लागते. धंदा बुडालेला असतो, देणेकरी दारात असतात आणि विम्याच्या रकमेवर डोळा ठेवून मालकच काडी लावतो. दुसऱ्या दिवशी राख दोन्हीकडे सारखीच दिसते. तरी विमा कंपनीचा पाहणी अधिकारी आणि पोलीस दोघांत फरक करतात. आग कोठून सुरू झाली, माल आधीच हलवला होता काय, मालकाने विझवण्याची धडपड केली काय, हे ते तपासतात. म्हणजे हेतू मनात दडलेला असला, तरी त्याच्या खुणा बाहेर सापडतात. आपल्या आचार्यांनी सल्लेखनेच्या बाबतीत नेमक्या अशाच खुणा निश्चित करून ठेवल्या आहेत, असे माझे मत आहे. ही बाजू आपण समाजापुढे आणि न्यायालयापुढेही पुरेशी मांडत नाही.

समंतभद्र आचार्यांच्या 'रत्नकरंड श्रावकाचारा'त सल्लेखनेचे प्रसंग मोजके आहेत. उपसर्ग, दुष्काळ, वार्धक्य आणि रोग, तेही निष्प्रतिकार, म्हणजे ज्यावर काही उपायच उरलेला नाही असे. दुःख, अपमान, कर्ज, जिवलगाचा वियोग हे त्या यादीत नाहीत. प्रसंग आला तरी एकदम अन्नत्याग नाही. प्रथम स्नेह, वैर आणि परिग्रह सोडायचा. स्वजनांना व परिजनांना क्षमा करायची आणि त्यांची क्षमा मागायची. आपल्या दोषांची आलोचना करायची. त्यानंतर क्रमाक्रमाने अन्न सोडून दुधासारखे स्निग्ध पेय, ते सोडून कांजी किंवा गरम पाणी आणि अखेरीस शक्तीनुसार उपवास. सल्लेखना या शब्दाचा अर्थच कृश करणे असा आहे. त्यातही कायेआधी कषाय कृश झाले पाहिजेत.

आणि अतिचार पाहावेत. जगण्याची इच्छा हा जसा दोष, तशी लवकर मरण यावे ही इच्छाही दोषच. मित्रांविषयीचा अनुराग, पूर्वीच्या सुखाची आठवण आणि पुढील जन्मी फळ मिळावे हे निदान, हेही दोष. आत्महत्या करणाऱ्याला मरण हवे असते. सल्लेखना घेणाऱ्याला मरण हवेसे वाटले, तर त्याच्या व्रताला तेथेच डाग लागला. मोर्चातील त्या मुलांना हे एक वाक्य सांगितले असते, तरी पुष्कळ काम झाले असते.

आणखी एक व्यवस्था विसरून चालणार नाही. भगवती आराधनेत क्षपकाच्या, म्हणजे व्रत घेणाऱ्याच्या, सेवेसाठी ४८ निर्यापक मुनी सांगितले आहेत. कोणी कुशीवर वळवण्यासाठी, कोणी धर्मकथेसाठी, कोणी दारावर लक्ष ठेवण्यासाठी. काळ प्रतिकूल असेल तर संख्या कमी करीत जावी, पण किमान दोन तरी हवेतच. एकट्याने हे करायचे नाही. आत्महत्या एकांतात घडते. हे व्रत गुरूच्या अनुज्ञेने, संघाच्या समक्ष आणि साक्षीदारांसह घडते.

हे सर्व ग्रंथांतच राहिले, की प्रत्यक्ष आचरणात आले? याचा पुरावा दगडात आहे. श्रवणबेळगोळ आपण सर्वांनी पाहिले आहे. गोमटेश्वराच्या पायथ्याशी असलेल्या चामुंडरायाच्या मराठी शिलालेखामुळे मराठी माणसाला ते विशेष जवळचे. परंतु बहुतेक यात्रेकरू विंध्यगिरी चढून उतरतात आणि समोरच्या लहान टेकडीकडे, चंद्रगिरीकडे, पाठ फिरवतात. तिचे जुने नाव कटवप्र. तेथील खडकावर साधारण इसवी सन ६०० च्या सुमाराचा संस्कृत लेख आहे. भद्रबाहूंनी उज्जयिनीत १२ वर्षांच्या संकटाचे भाकीत केले, संघ उत्तरेतून दक्षिणेत आला, प्रभाचंद्र नावाच्या आचार्यांनी आपला अंतकाळ जवळ आल्याचे जाणून एका शिष्यासह कटवप्रावर राहून देह ठेवला आणि कालांतराने ७०० ऋषींनी तेथेच समाधी साधली, असा त्याचा आशय आहे.

हे प्रभाचंद्र म्हणजेच सम्राट चंद्रगुप्त मौर्य, अशी आपली परंपरा सांगते. लुई राइस यांनी १८८९ मध्ये हे लेख प्रसिद्ध केले, तेव्हापासून विद्वानांत त्यावर वाद आहे. मला असे वाटते की, खतावणीत जे नाव लिहिलेले नाही ते आपण आपल्या हाताने लिहू नये. या लेखात चंद्रगुप्ताचे नाव नाही. ते नंतरच्या लेखांतून आणि कथाग्रंथांतून येते. श्रद्धा म्हणून ती कथा मी आदराने ऐकतो, पण आपली बाजू तिच्यावर अवलंबून नाही. सम्राट एकच होता, परंतु त्या टेकडीवर मुनी, आर्यिका, श्रावक, श्राविका अशा कितीतरी सामान्य माणसांची नावे कोरलेली आहेत. कर्नाटकातील इतिहासकार एस. शेट्टर यांनी या लेखांचा आयुष्यभर अभ्यास करून १९८० च्या दशकात आणि १९९० मध्ये इंग्रजीत ग्रंथ लिहिले. आपल्या ग्रंथालयात ते असावेत.

राजघराण्यांतील उदाहरणे मात्र थोडी थांबून पाहिली पाहिजेत, कारण तेथे प्रश्न कठीण होतो. आपल्या महाराष्ट्रावर दोनशेहून अधिक वर्षे सत्ता गाजवणारे राष्ट्रकूट ९७३ मध्ये तैलप चालुक्याच्या हातून पराभूत झाले. त्यांचा पाठीराखा गंग राजा मारसिंह याने राष्ट्रकूट घराण्यातील आपला भाचा इंद्र याला गादीवर बसवण्याचा यत्न केला. तो यशस्वी झाला नाही. मारसिंहाने राज्यत्याग करून बंकापूर येथे अजितसेन आचार्यांच्या चरणी सल्लेखना घेतली, ९७४ च्या सुमारास. इंद्राने ९८२ मध्ये श्रवणबेळगोळ येथे देह ठेवला. त्याच्या लेखात घोड्यावरून चेंडू खेळण्यातील त्याच्या कौशल्याचे वर्णन आहे. व्रतस्थ राजाच्या स्मारकावर त्याच्या खेळाची आठवण कोरलेली पाहून मन चकित होते.

आता कोणी विचारील, राज्य गेल्यावर घेतलेले हे व्रत म्हणजे निराशाच नव्हे काय? प्रश्न गैर नाही. समंतभद्रांच्या यादीत राज्यनाश येत नाही. मारसिंहाने पराभवाच्या दुःखात हे केले, की शरीराची वेळ आली म्हणून केले, हे शिलालेख सांगत नाही. इंद्राच्या बाबतीत मात्र पराभव आणि मरण यांत नऊ वर्षांचे अंतर आहे. निराशेने जीव देणारा माणूस नऊ वर्षे थांबेल, असे वाटत नाही. प्रत्येक जुनी नोंद निर्दोषच होती, असा आग्रह आपण धरू नये. कसोटी शास्त्राने दिली आहे, ती राजालाही लागू आहे.

होयसळ राजा विष्णुवर्धनाची राणी शांतला ११३१ मध्ये वारली. त्यानंतर तिची माता माचिकब्बे हिने श्रवणबेळगोळ येथे महिनाभर उपवास करून देह ठेवल्याचा लेख आहे. कन्यावियोगाचे दुःख त्यामागे नव्हते, असे छातीठोकपणे कोण म्हणेल? पण तिने ते गुरूंच्या साक्षीने, क्रमाने केले, एवढे त्या लेखावरून दिसते. असे निषीधीचे दगड कोल्हापूर आणि बेळगावच्या बाजूला आजही आढळतात. कित्येकांवर शेंदूर चढला आहे.

अलीकडच्या काळातील सर्वांत स्पष्ट उदाहरण आपल्याच मातीतील आहे. बेळगाव जिल्ह्यातील भोज गावच्या पाटील घराण्यातील सातगौडा, म्हणजेच आचार्य शांतिसागर महाराज. जन्म १८७२, मुनिदीक्षा १९२० मध्ये यरनाळ येथे आणि आचार्यपद १९२४ मध्ये सांगली जिल्ह्यातील समडोळी येथे. वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांची दृष्टी क्षीण झाली. आपल्यासारख्या गृहस्थाला दृष्टी कमी झाली तर चष्मा लागतो किंवा कोणाचा तरी हात धरावा लागतो. मुनीला मात्र जमिनीवरचा जीव दिसला नाही, तर ईर्यासमिती पाळता येत नाही. पाऊल टाकले की अहिंसाव्रत धोक्यात. वखारीची भिंत पेटली ती येथे. १४ ऑगस्ट १९५५ रोजी धाराशिव जिल्ह्यातील कुंथलगिरी या सिद्धक्षेत्री त्यांनी सल्लेखना आरंभली. मध्यंतरी काही दिवस केवळ पाणी घेतले, पुढे तेही सोडले. याच काळात त्यांनी आपले आचार्यपद जयपूर येथे असलेल्या वीरसागर महाराजांना दिले. ज्याच्याकडे जे सोपवायचे ते शुद्धीवर असताना सोपवून मोकळे होणे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. कितीतरी पेढ्या केवळ हे न केल्यामुळे कोर्टात झिजल्या.

८ सप्टेंबरला, म्हणजे २६ व्या दिवशी, त्यांचा अखेरचा उपदेश ध्वनिमुद्रित करण्यात आला. तो मराठीत आहे. आवाज थकलेला आहे, पण विचारांची साखळी तुटलेली नाही. भिऊ नये, संयम धारण करावा, रोज थोडा वेळ तरी आत्मचिंतनाला द्यावा, असे ते समजावतात. १८ सप्टेंबर १९५५ रोजी, ३६ व्या दिवशी, त्यांची समाधी झाली. बेळगाव जिल्ह्यातीलच सदलगा येथे १९४६ मध्ये जन्मलेले आचार्य विद्यासागर महाराज यांनी १८ फेब्रुवारी २०२४ रोजी छत्तीसगढमधील डोंगरगड येथे अशीच समाधी घेतली. त्यांनीही आधी आचार्यपदाचा त्याग केला होता. त्या क्षेत्राचे नावही चंद्रगिरीच.

जैनेतरांतही ही जाण होती. विनोबाजींनी १९८२ च्या नोव्हेंबरात हृदयविकाराच्या झटक्यानंतर पवनार आश्रमात अन्न, पाणी व औषध नाकारले. पंतप्रधान इंदिरा गांधी स्वतः आल्या, तरी त्यांचा निश्चय ढळला नाही. १५ नोव्हेंबरला, दिवाळीत, महावीर निर्वाणाच्या दिवशी त्यांनी देह ठेवला. आपल्या ट्रस्टच्या स्थापनेच्याच सुमारास, १९७५ मध्ये, त्यांच्या प्रेरणेने सर्व जैन संप्रदायांना मान्य झालेला ७५६ गाथांचा 'समणसुत्तं' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता, हे येथे नमूद करणे अगत्याचे आहे. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी १९६६ च्या फेब्रुवारीत अन्नपाणी वर्ज्य करून २६ तारखेला देह ठेवला. जीवनकार्य संपले, हे त्यांचे कारण होते. त्या धैर्यापुढे नतमस्तक होऊनही म्हणावेसे वाटते की, कार्य संपणे हे आपल्या शास्त्रातील कारण नव्हे.

कायद्याचा प्रवास थोडक्यात सांगतो. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारे ३०९ कलम मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये घटनाबाह्य ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तेच म्हटले आणि १९९६ मध्ये ते फिरवले. त्यापूर्वीच, १९७६ मध्ये, म्हैसूर उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती टी. के. तुकोळ यांनी सल्लेखना आत्महत्या का नव्हे, यावर कायदेशीर अंगाने इंग्रजीत पुस्तक लिहिले होते. २०१५ मधील राजस्थानच्या निर्णयाला सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट रोजी स्थगिती दिली. ९ मार्च २०१८ रोजी त्याच न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य करून, बरे होण्याची आशा नसताना कृत्रिम उपचार नाकारण्याची इच्छा आधी लिहून ठेवण्यास मुभा दिली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने ३०९ कलम त्या स्वरूपात राहिलेले नाही. चिथावणीचा गुन्हा मात्र कायम आहे, आणि तो असावाच.

असावाच असे म्हणतो, त्याला आधार आहे. माझ्या एका आत्याबाईंचे यजमान अकस्मात गेले. दोन महिन्यांनी त्यांनी सल्लेखना घेण्याचा ध्यास घेतला. नात्यातील काहींना त्यात घराण्याचा गौरवही दिसू लागला होता. चातुर्मासासाठी आलेल्या मुनिमहाराजांपुढे त्यांना नेले. महाराजांनी तासभर प्रश्न विचारले. भूक लागते का, झोप येते का, यजमानांची आठवण येते का? मग त्यांनी स्पष्ट नकार दिला. वर्षभर एकाशनाचा नियम दिला आणि शरीर खरोखरच थकले की या, असे सांगितले. आत्याबाई त्यानंतर ११ वर्षे जगल्या, पाठशाळेत मुलांना शिकवत राहिल्या आणि शेवटी झोपेतच गेल्या. त्या नकारात निर्यापकाचे कर्तव्य जितके दिसते, तितके ते पुष्कळदा अनुज्ञेतही दिसत नाही.

आज चिंता वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. व्रत घेतले की फलक लागतात, वर्तमानपत्रांत जाहिराती येतात, दर्शनाच्या रांगा लागतात, भ्रमणध्वनीवर छायाचित्रे फिरतात. अंथरुणावरच्या क्षपकाला उद्या पाणी मागावेसे वाटले, तर एवढ्या गर्दीत तो ते मागू शकेल काय? निदानाचा अतिचार केवळ स्वर्गाच्या इच्छेने होतो असे नाही, फलकावरील नावानेही होऊ शकतो.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे मी लेखी सूचना ठेवली आहे. आपल्या परिसरात कोणी सल्लेखना किंवा संथारा घेऊ इच्छित असेल, तर डॉक्टरांचे मत, गुरूंची अनुज्ञा आणि स्वतः त्या व्यक्तीशी कुटुंबीयांच्या गैरहजेरीत झालेले बोलणे, या तिन्हींची नोंद ट्रस्टच्या दप्तरी तारखेसह व्हावी. सेवेला किमान दोन जाणकार असावेत, त्यांतील एक घराबाहेरचा असावा. पाणी किंवा अन्न पुन्हा मागितल्यास ते कोणत्याही प्रश्नाशिवाय द्यावे. फलक व जाहिरात नको. सूचनेची प्रत कार्यालयात ठेवली आहे. समाजातील बंधु-भगिनींनी ती वाचून आपले मत, विरोधी असले तरी, पुढील सर्वसाधारण सभेपूर्वी लेखी कळवावे.